होडी तुमची, समुद्र आमचा

खेळताना माणूस कशाचाच मालक नसतो, ही मानवजातीतली फार जुनी त्रुटी आहे. पोरं पकडापकडी खेळतात आणि घरी जातात. पकडलेला गडी कोणाच्या नावावर चढला, याची कुठेही नोंद नसते. अशा गलथान कारभारात हजारो वर्षं वाया गेली. शेवटी एका कंपनीला राहवलं नाही.

ही कंपनी इंटरनेटवर मासेमारीचा एक खेळ चालवत असे. समुद्र, होड्या, मासे सगळं पडद्यावर; खेळणारे मात्र खरे आणि गावोगाव पसरलेले. प्रत्येक होडीत दोघांनी बसायचं. एकाने डावं वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवं. मासा मिळाला तर मिळाला, नाही मिळाला तरी कोणाचं काही अडत नसे (खेळाच्या मागासलेपणाचं हे ठळक लक्षण).

या समुद्रावर रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ‘कासव’ नावाची एक होडी निघे. डावं वल्हं दाताच्या डॉक्टरांकडे. उजवं त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. ती दूर दुसऱ्या शहरात औषधांचं दुकान चालवते. एरवी फोनवर दोघांचं संभाषण ‘बरं आहे ना?’, ‘बरं आहे’, ‘ठेवू?’ एवढ्यात आटपायचं. होडीत बसलं, की एकमेकांचा आवाज कानात येई आणि दोघांना कंठ फुटे.

“बाळ्या, पुढे खडक आहे.”

“दिसतोय गं, ताई.”

“लहानपणी खांबही दिसायचाच तुला. टेंगूळ चुकलं नाही कधी. आईच्या गुडघ्याचं काय म्हणाले?”

“जिने चढू नका म्हणाले.”

“मग?”

“मग काय, गच्चीवर जाऊन शेजारणीला सांगून आली, की मला जिने बंद केलेत.”

यावर दोघं खदखदून हसत आणि त्या हसण्याने मासे पळत. कासवची आजवरची एकूण कमाई तीन मासे आणि एक बूट.

आणि मग कंपनीचं पत्रक आलं. “कळवण्यास अत्यंत आनंद होतो, की यापुढे सर्व होड्या ब्लॉकचेनवर आणण्यात येत आहेत.”

ब्लॉकचेन म्हणजे अशी वही, जिच्या प्रती असंख्य संगणकांवर असतात आणि जिच्यात एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. (प्रत्येक घराण्यात ही सोय पूर्वीपासून आहे. कोणाच्या लग्नात कोण का रुसलं, याच्या प्रती सगळ्या आत्यांकडे असतात, एकमेकींशी ताडून घेतलेल्या असतात, आणि त्यातलं अक्षरही खोडता येत नाही. फक्त या वहीला वीज लागत नाही.)

असं तंत्र खेळात असावं की नसावं, यावर डॉक्टरांच्या दवाखान्यात सखोल चर्चा झाली. डॉक्टर बोलत, पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत. एकाही पेशंटने विरोधाचा शब्द काढला नाही. बहुसंख्यांनी ‘आ’ म्हणून पाठिंबा दिला. एकाने हात वर केला होता, पण ती कळ असावी, असं गृहीत धरण्यात आलं.

पत्रकात सतरा कलमं होती. पहिलं ठळक अक्षरात: होडी आता खरोखर तुमची. सतरावं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: समुद्राचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील. डॉक्टर दुसऱ्या कलमापर्यंत गेले आणि थांबले. (मुळापर्यंत तपासावं, हा नियम ते फक्त दाढेला लावतात.) खाली ‘मालकाचे नाव’ असा एकच रकाना होता. बाहेर पेशंट कण्हत होता. डॉक्टरांनी स्वतःचं नाव घातलं आणि हातमोजे चढवले.

नोंदी साऱ्या जगाला खुल्या असल्यामुळे ताईला हे कळायला दुसरी दुपार पुरली.

“बाळ्या, कासव कोणाचं?”

“आपलंच की.”

“इथे तर तुझं एकट्याचं लिहिलंय.”

“रकाना एकच होता गं.”

“आणि तो तुझ्या मापाचा निघाला.”

“बरं बाई, तुझं नाव घालतो.”

“खोडता येतं?”

“खोडता नाही येत. विकता येतं.”

पलीकडे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ते देऊन झाल्यावर ताई म्हणाली, “म्हणजे माझी होडी मी तुझ्याकडून विकत घ्यायची? राहू दे. दुकानात गर्दी आहे, मालक. तुम्ही वल्हवा.”

दुसऱ्या दिवशीही गर्दी होती. तिसऱ्या दिवशीही. लोक अचानक एवढे आजारी का पडू लागले, असा प्रश्न डॉक्टर असूनही त्यांना पडला नाही. उत्तर ठाऊक होतं.

इकडे योजनेला मात्र उदंड यश आलं. पहिल्याच तिमाहीच्या अहवालानुसार मालकाच्या नावावर चढलेल्या होड्या शंभर टक्के आणि पाण्यात असलेल्या होड्या जवळपास शून्य. कारण सोपं होतं. वल्हवलं की होडी झिजते आणि झिजली की भाव उतरतो. सगळ्यांनी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आणि शेजारी बसून भाव पाहू लागले. मासे चौपट झाले. अहवालात याला ‘खेळाची परिपक्वता’ म्हटलं आहे.

जुन्या होड्या दुर्मीळ म्हणून कासवचा भाव तर गगनाला भिडला. दाढेत चांदी भरायला आलेल्या एका कंत्राटदाराने खुर्चीत आडवं पडल्या पडल्या ते मागितलं आणि असा काही आकडा सांगितला, की डॉक्टरांच्या हातातलं यंत्र आपोआप थांबलं. (आकडा योग्य ठिकाणी दिला आहे.)

“उद्या सांगतो,” डॉक्टर म्हणाले, आणि त्या दुपारी डबा बाजूला ठेवून कासव पाण्यात घातलं. समुद्र रिकामा होता. त्यांनी वल्हं मारलं. एकट्याने डावं वल्हं मारलं, की होडी पुढे जात नाही, जागच्या जागी गोल फिरते. डॉक्टर बराच वेळ फिरले. मासे जवळ येऊन बघत होते. आता त्यांना पळवून लावेल असं काहीच नव्हतं.

डबा न उघडताच त्यांनी होडी ताईच्या नावावर करायला घेतली. भेट देण्याची सोय नव्हती, म्हणून किंमत शून्य लिहिली. यंत्रणेने विचारलं, “शून्य?” मग विचारलं, “नक्की शून्य?” तिसऱ्यांदा ‘विक्रेता शुद्धीवर आहे का?’ अशा अर्थाचा इशारा दिला आणि शून्यावरचं शुल्क कापून व्यवहार पूर्ण केला.

त्याच आठवड्यात कंपनीने सतरावं कलम वापरलं. खेळणारं कोणी उरलं नसल्यामुळे समुद्र बंद करण्यात येत असून, होड्यांची मालकी मात्र अबाधित, अढळ आणि चिरंतन राहील, असं नव्या पत्रकात नमूद होतं.

दुपारी डॉक्टरांचा फोन वाजला.

“मालकीणबाई बोलतायत,” ताई म्हणाली. “होडी पोचली. पाणी कुठंय?”

“ते कंपनीचं होतं गं.”

“वाचलं नव्हतंस?”

“दोन कलमं वाचली होती.”

“दाताचे डॉक्टर! एवढी बारीक कीड शोधतोस, अक्षरं नाही दिसली?” आणि ती अशी हसली, की जगातला एखादा मासा जागेवर राहिला असता तर नवल. “बरं, आईने परत जिने चढायला सुरुवात केलीय, ठाऊक आहे का?”

तेव्हापासून दोघं रोज दुपारी नुसत्याच फोनवर बोलतात. होडी नाही, वल्हं नाही, मासा नाही. या बोलण्याची कुठेही नोंद होत नाही आणि त्याला बाजारात काडीची किंमत नाही. कंपनीच्या मते हा प्रकार अविकसित आहे.

कंपनी सध्या नवा खेळ आणते आहे आणि त्यासाठी योग्य ग्राहकांच्या शोधात आहे. त्यांना ओळखण्याची रीत सोपी ठेवली आहे. भावाबहिणीची ही हकिकत वाचता वाचता ज्यांच्या मनात ‘कंत्राटदार नेमका किती देत होता?’ हे घोळत राहिलं, त्यांनी वर जाऊन पुन्हा शोधण्याची तसदी घेऊ नये. आकडा कुठेच दिलेला नाही. तुमची नोंद मात्र झाली आहे. ती आता खोडता येणार नाही.