एका शिंगाची मंजुरी

एका जंगलात, जिथे नदी वळते आणि वळताना कुणाचीही परवानगी घेत नाही, तिथे येसू नावाची टिटवी राहत होती.

बाळांनो, टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या गोट्यांमध्ये जरा खळगा करते आणि तिथेच अंडी घालते. येसूने अंडी घातली होती नदीच्या उताराजवळ. तिथे पाणी गुडघाभर होतं. पलीकडचं कुणीही तिथून पाय न बुडवल्यासारखं अलीकडे येऊ शकत होतं.

पलीकडे कोळसुंदे राहत. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. ते टोळीने येतात, टोळीने खातात आणि जेवण झाल्यावर आभार मानत नाहीत.

अलीकडे गव्यांची फौज होती. गवा पाहिलाय ना? चालता काळा डोंगर. त्याची शिंगं लांबून दिसली तरी कोळसुंद्याला एकदम दुसरीकडचं काम आठवतं.

पण या जंगलातल्या गव्यांच्या शिंगांवर चिखलाचे गोळे थापलेले होते.

हसू नका. त्यामागे तत्त्व होतं.

फार पूर्वी एका माजलेल्या गव्याने वाघमहाराजांच्या लाडक्या जांभळीला शिंगं घासली. झाड गदागदा हललं. खाली झोपलेल्या महाराजांना अंगभर जांभळांचा अभिषेक झाला. तेव्हा जंगलातल्या शहाण्यांनी ठरवलं, की फौजेचं बळ फौजेच्याच मर्जीवर सोडू नये. शिंगं गव्यांची, पण हुकूम नागरी अधिकाऱ्यांचा. शांततेच्या काळात शिंगांवर चिखल थापायचा. तो वाळला की दगड होतो. संकट आलं की संरक्षण खात्याच्या सचिवांनी आपल्या डबक्यात शिंगं भिजवू द्यायची. चिखल सुटतो, गवे लढतात, परत येतात, पुन्हा चिखल थापून घेतात.

तत्त्व चांगलं होतं. त्यात सचिवांना काम एकच होतं, वेळेवर डबकं उघडणं. त्यांचं उंच आसन, त्यावरची वेळूची सावली, पुढेमागे धावणारी माकडं, सगळं त्या एका कामासाठी होतं.

आता हे सचिव कोण, ते ऐका.

सचिव होते अण्णासाहेब करकोचे. लांब पाय, लांब मान, लांब चोच आणि त्याहून लांब अनुभव. याआधी ते मत्स्य खात्यात होते. त्यांच्या कारकिर्दीत जंगलातले मासे संपले. मासे संपल्यावर मत्स्य खात्यात त्यांच्यासारख्या ज्येष्ठ अधिकाऱ्याला काम उरलं नाही, म्हणून त्यांना संरक्षणात आणलं. इथे आल्यावर त्यांनी पहिला हुकूम काढला, की डबक्याभोवती काट्यांचं कुंपण घालावं आणि ते फक्त आपल्या चोचीच्या इशाऱ्याने उघडावं. दुसरा हुकूम काढायची त्यांना कधी गरज पडली नाही.

एके सकाळी येसूने पलीकडच्या काठावर कोळसुंदे पाहिले. रोजचे पाणी पिणारे नव्हेत. ते उताराचं पाणी पायाने चाचपून बघत होते. एक जण मधल्या खडकापर्यंत येऊन परत गेला.

येसूने नवऱ्याला अंड्यांवर बसवलं. आतून टोचल्याचा आवाज येऊ लागला होता. पिल्लं आज-उद्या बाहेर पडणार होती.

"टोचतायत गं," नवरा म्हणाला. "आता यांना उचलून कुठे न्यायचं?"

"कुठेच नाही. तू बस. मी फौजेला उठवते."

गव्यांचा सेनापती होता रणबा. तो आंब्याखाली रवंथ करत होता.

"रणबाकाका, उठा! कोळसुंदे उतार चाचपतायत."

"माहीत आहे पोरी."

"माहीत आहे? मग बसलात काय?"

रणबाने मान हलवली. शिंगांवरचे गोळे खडखडले. "हे घेऊन लढू? डोकं वर उचलताना मान मोडते. साहेबांकडे जा. त्यांनी डबकं उघडलं, की आलोच."

"नदीत भिजवा ना! नदी समोर वाहतेय."

"नदीचं पाणी जलखात्याचं. त्यांना विचारावं लागतं."

"मग खडकावर आपटा. फुटतील."

रणबाने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुझं रक्त तरुण आहे. माझी निवृत्ती तोंडावर आलीय. निवृत्त सेनापतीला टेकडीवरचं गवत मिळतं. हिरवंगार, कमरेएवढं. ते कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं, सांग बघू?"

उत्तर येसूला ठाऊक होतं. ती उडाली आणि थेट डबक्यावर गेली.

अण्णासाहेब एका पायावर उभे होते. दुसरा पाय पोटाशी घेतलेला. त्यांच्या शेजारी वित्त सल्लागार साळिंदरे बसले होते. साळिंदरे म्हणजे साळिंदरच. कुणी काही मागितलं की त्यांच्या अंगावरचे काटे उभे राहत.

"साहेब, कोळसुंदे येतायत! डबकं उघडा."

अण्णासाहेबांनी डोळे अर्धे उघडले. "बाळ, आधी श्वास घे. तू कोण?"

"येसू. टिटवी. उताराजवळ राहते."

"अच्छा, टिटवी!" अण्णासाहेब साळिंदऱ्यांकडे वळले. "पाय वर करून झोपणाऱ्या त्याच ना या? आभाळ पडेल म्हणून?"

"त्याच, त्याच," साळिंदरे खुसखुसले. "आभाळ यांच्यावर, नदी यांच्यावर. आपण उगाच इथे बसलोय साहेब."

"बसलाच आहात," येसू म्हणाली.

साळिंदऱ्यांचे काटे उभे राहिले. अण्णासाहेबांनी पंखानेच त्यांना शांत केलं. तरुणांना ते नेहमी क्षमा करत. क्षमेला पाणी लागत नाही.

"हे बघ बाळ," ते म्हणाले, "कोळसुंदे सध्या कुठे आहेत?"

"पलीकडे."

"पलीकडचं परराष्ट्र खातं बघतं."

"आणि अलीकडे आले की?"

"अलीकडे आले की गृह खातं."

"मग तुमचं खातं काय बघतं?"

"मधलं पाणी," अण्णासाहेब म्हणाले. त्यांना या उत्तराचा फार अभिमान होता. मत्स्य खात्यातून येताना ते तेवढंच सोबत घेऊन आले होते.

"मधल्या खडकावर एक जण येऊन गेला. मी डोळ्यांनी पाहिलं."

आता मात्र अण्णासाहेबांना पंचाईत पडली. मधला खडक म्हणजे मधलं पाणी. त्यांनी पोटाशी घेतलेला पाय खाली ठेवला. माकडांमध्ये कुजबुज झाली. साहेबांनी दुसरा पाय खाली ठेवला म्हणजे बैठक होणार.

बैठक झाली. रणबाला बोलावलं. तो आला तेव्हा पहिला प्रश्न निघाला, की त्याने बसायचं कुठे. सपाट दगड सचिवांच्या दर्जाचा होता. त्याच्या खालचा दगड साळिंदऱ्यांचा. रणबाला चिखलात बसवावं, तर फौजेचा अपमान. उभं ठेवावं, तर तो साहेबांपेक्षा उंच दिसणार. शेवटी रणबाने गुडघे टेकून उभं राहावं असं ठरलं. रणबाने टेकले. त्याला टेकडीवरचं गवत दिसत होतं.

"साहेब," येसू वरून ओरडली, "तिकडे पिल्लं अंडी फोडतायत!"

"बैठकीत बाहेरच्यांनी बोलू नये," एक माकड म्हणालं.

"सेनापती," अण्णासाहेबांनी विचारलं, "सगळ्या फौजेची शिंगं भिजवली, तर डबक्याचं पाणी किती खाली जाईल?"

"थोडं जाईल साहेब."

"थोडं म्हणजे?" साळिंदरे पुढे सरकले. "आणि लढाई झालीच नाही तर? भिजलेला चिखल पुन्हा वापरता येतो का? शिवाय यंदाचा चिखल नुकताच थापलाय. तो वाया गेला म्हणून उद्या जाब कुणाला विचारतील? मला!"

"पण शिंगं नसतील तर लढायचं कसं?" रणबा म्हणाला. बाळांनो, त्या दिवशी तो एवढंच बरोबर बोलला, तेही गुडघ्यांवर.

"फौजेला नेहमी सगळंच हवं असतं," साळिंदरे म्हणाले.

अण्णासाहेब विचारात पडले. सेनापती म्हणतात शिंगं द्या. वित्तवाले म्हणतात देऊ नका. दोघांपैकी एक बरोबर असणार, हे कुणालाही कळलं असतं. पण अनुभवी अधिकारी कोण बरोबर आहे ते बघत नाही. तो मध्य शोधतो. जन्मभर मधल्या पाण्यात उभं राहिलेल्याला मध्य लगेच सापडतो.

"एकेक शिंग," अण्णासाहेब म्हणाले.

"म्हणजे?" रणबाने विचारलं.

"प्रत्येक गव्याचं एकेक शिंग भिजवावं. डावं. पाणी निम्मं लागेल, चिखल निम्मा वाचेल आणि फौजेलाही काहीच मिळालं नाही असं म्हणता येणार नाही."

साळिंदऱ्यांचे काटे आडवे झाले. माकडांनी टाळ्या वाजवल्या. येसूने रणबाकडे पाहिलं. आता हा उठेल, तिला वाटलं. आता हा ते गोळे या काळतोंड्या साहेबाच्या दगडावर आपटेल.

"काका! बोला ना काहीतरी!"

"हुकूम आहे पोरी," रणबा म्हणाला आणि डावं शिंग डबक्यात बुडवायला वाकला.

फौज ओळीने आली. सगळ्यांनी डावं शिंग भिजवलं. उजवं पाण्याला लागू नये म्हणून माकडं मान धरून उभी होती. शेवटचा गवा बाहेर पडला तेव्हा उताराकडून येसूच्या नवऱ्याची हाक आली. टिटवीची ती हाक एकदा ऐकली की विसरता येत नाही. कोळसुंदे पाण्यात उतरले होते.

गवे धावले. आणि धावता धावता वळले.

एका बाजूला मोकळं शिंग, दुसऱ्या बाजूला दगडाएवढा गोळा. मान उजवीकडे ओढली जाई. मान जाई तिकडे पाय जात. सरळ नदीकडे निघालेली फौज वळत वळत डावीकडच्या कोळसुंद्यांना सोडून उजवीकडच्या झाडांवर गेली, झाडांना धडकली, पुन्हा उठली, पुन्हा वळली. कोळसुंदे आधी घाबरले. मग थांबले. मग त्यांच्यातला एक चक्क बसला. असा पाहुणचार त्यांना कुठल्याच जंगलात मिळाला नव्हता. हरणांची पाडसं त्यांनी आरामात निवडून उचलली.

फौज मात्र शूर होती. ती गोल गोल फिरत होती, पण थांबत नव्हती. रणबा सगळ्यांत पुढे होता. फिरत फिरत तो उताराच्या गोट्यांवर आला.

"रणबाकाका, इकडे नको!" येसू त्याच्या डोळ्यांसमोर फडफडली. "इकडे नको! अंडी आहेत! डावीकडे वळा!"

"वळता येत नाही गं!" रणबा ओरडला.

त्याच्यामागून सगळी फौज गेली.

धूळ खाली बसली तेव्हा नवरा एका गोट्याशेजारी उभा होता. पंख उघडेच होते. तो पंखांखाली काहीतरी झाकत असल्यासारखा उभा होता आणि खाली काही नव्हतं. एका कवचातून छोटी चोच बाहेर आलेली दिसत होती. त्या पिल्लाने तेवढंच जग पाहिलं.

येसू ओरडली नाही. पहिल्यांदाच.

चौकशी झाली. चौकशी अण्णासाहेबांनीच केली, कारण त्या विषयातले तेच एकमेव जाणकार होते. निष्कर्ष वाघमहाराजांना ऐकवण्यात आले. फौजेच्या हालचालीत कुठेही खंड पडला नाही. डबक्यातलं निम्मं पाणी वाचलं. पाडसं हा वनखात्याचा विषय आहे. टिटवीने संरक्षणाच्या हद्दीत विनापरवाना अंडी घातली होती. तरीही, हे खास सांगायला हवं, शत्रूच्या हाती एकही अंडं लागलं नाही.

महाराजांनी जांभई दिली. त्याचा अर्थ शाबासकी असा लावण्यात आला. अण्णासाहेबांना मुदतवाढ मिळाली. रणबाला टेकडीवरचं गवत मिळालं. त्याची मान अजून उजवीकडेच वळलेली आहे, त्यामुळे तो त्यातलं उजवीकडचंच खातो. उजव्या शिंगावरचा गोळा काढायचा राहून गेला. निवृत्तांच्या शिंगांसाठी वेगळं खातं आहे म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात येसूला पुन्हा अंडी घालायची वेळ आली.

"उताराकडे जायचं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग कुठे? जंगलात अशी जागा कुठे आहे, जिथे कुणी पाय ठेवणार नाही?"

येसू त्याला घेऊन गेली. काट्यांचं कुंपण होतं. कुंपणावर माकडांचा पहारा होता. आत डबकं होतं. डबक्याच्या काठी, अण्णासाहेबांच्या दगडाला चिकटून, थोडे गोटे होते. येसूने तिथे खळगा केला.

माकडं तिला बघून हसली. पाय वर करून झोपणारी बाई, कोणाचं काय बिघडवणार? अण्णासाहेबांनी डोळे अर्धे उघडले, अंडी पाहिली आणि मिटले. पाण्याला धक्का लागत नव्हता.

त्या वर्षी कोळसुंदे दोनदा आले. ससे गेले, रानडुकरांची पिल्लं गेली, गव्यांची वासरंसुद्धा गेली. डबक्याजवळ कुणीही फिरकलं नाही. तिथे रात्रंदिवस पहारा होता. पाण्याचा एक थेंब हलला तरी सगळं खातं जागं होई.

येसूची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली, वाळली, पायांवर उभी राहिली. वर्षाच्या अहवालात अण्णासाहेबांनी त्यांचा अभिमानाने उल्लेख केला.

पिल्लांनी आईला विचारलं, "आई, हे उंच काका कोण?"

"ते जंगलाचं रक्षण करतात," येसू म्हणाली. "आणि तुम्ही पंख फुटेपर्यंत त्यांच्या पायाशीच राहायचं. पंख फुटले, की मी तुम्हाला पहिली गोष्ट शिकवणार आहे."

"उडायला?"

"ओरडायला. यांच्या कानाशी. रोज."

तात्पर्य : बाळांनो, संकटाच्या वेळी मोठ्यांच्या अनुभवावर पूर्ण विश्वास ठेवावा. ते ज्याचं रक्षण करायचं ठरवतात, त्याच्या केसालाही धक्का लागू देत नाहीत. ते काय आहे, एवढंच वेळेवर ओळखावं आणि आपली अंडी तिथेच घालावीत. जंगल काय, दर वर्षी नवं उगवतं.