आवाज आढळला नाही

मोटारगाडीचे आजार दोन प्रकारचे असतात: जे संगणकाला दिसतात ते, आणि जे नसतातच ते. ही विभागणी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रांनी केली असून तिच्यामुळे मानवजातीचा किती वेळ वाचला, याची मोजदाद अजून झालेली नाही. पूर्वी गाडीत बिघाड आहे की नाही हे ठरवायला माणसाला दोन कान, एक नाक आणि बुडाखालची सीट एवढ्यावरच भागवावं लागे. आता एक वायर जोडतात. वायर म्हणाली बिघाड आहे, तर आहे. नाही म्हणाली, तर गाडी ठणठणीत असून विश्रांतीची गरज तुम्हाला आहे.

माझ्या वडिलांना ही विभागणी मान्य नव्हती. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. तारेच्या एका टोकाला कान लावून दुसऱ्या टोकाला काय बिघडलंय ते सांगण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली, त्यामुळे आधुनिक निदानपद्धतीवर त्यांचा विश्वास बसणं अवघडच होतं. त्यांच्या मते आजारांचा तिसराही प्रकार होता: जे ऐकू येतात ते. आणि ते आवाज बाबा तोंडाने काढून दाखवत.

हे वाक्य लिहायला मला त्रेचाळीस वर्षं लागली. खालचा ओठ पुढे, डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित डावीकडे, आणि मग गाडी. स्थळ-काळाचं बंधन नव्हतं. बँकेच्या रांगेत त्यांनी फॅनबेल्ट काढला आहे. दातांच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असताना सायलेन्सर काढला आहे (तो कापसामुळे अधिक हुबेहूब आला, असं त्यांचं मत). माझ्या होणाऱ्या सासूबाईंसमोर, पहिल्याच भेटीत, त्यांनी थंडीत सुरू न होणारं इंजिन काढलं. सासूबाई लगबगीने पाणी घेऊन आल्या.

या कलेला एकच जाणकार होता: बाबांचे मिस्त्री. बावीस वर्षं बाबांची गाडी त्यांच्याच गॅरेजात जात होती. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली ऑइल आणि मधे मिस्त्री. त्या दोघांचं फोनवरचं एक संभाषण, बाबांनी फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर ठेवल्यामुळे, मला शब्दशः नोंदवता येतं:

"मिस्त्री, घुर्रर्र... घुर्रर्र... टक्."

"घुर्र नवीन दिसतोय."

"परवापासून."

"टक् आपला जुनाच ना?"

"जुनाच."

"मग बुधवारी या साहेब."

संपलं. एवढाच मजकूर सेवा केंद्राला कळवण्यासाठी ग्राहकाला एक ॲप, एक पासवर्ड, विसरलेला पासवर्ड, चार पानी फॉर्म आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे वाक्य नऊ वेळा, इतक्या सुविधा उपलब्ध आहेत. बाबांनी त्यांतली एकही वापरली नाही. मी सगळ्या वापरते. माझी स्वतःची गाडी मी पहिल्यापासून कंपनीतच देते. तिथे जमीन पांढरी आहे आणि कोणीही आवाज काढत नाही.

हे संभाषण झालं त्या मंगळवारी मी आईबाबांकडे गेले होते. चहा संपतो न संपतो तोच बाबा किल्ली घेऊन उभे. "चल, तुला ऐकवतो."

"बाबा, मला गाडीतलं काही कळत नाही."

"कळायचं काय त्यात? कान आहेत ना?"

आवाज फक्त डावीकडे वळताना, दुसऱ्या गिअरमध्ये आणि बेताच्या वेगाने येत असे. सलग गोल फिरायला घराजवळ एक गोल चौक होता. मधे फुलझाडं, कडेला एक वाहतूक हवालदार. पण चौकात गाड्या उजवीकडे वळत फिरतात; आवाजासाठी बाबांनी तिथे उलटा वळसा घातला नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. चौकाशेजारचं मोठं पटांगण रिकामं होतं. तिथे ते डावीकडे वळत गोल गोल फिरू लागले. हवालदार चौकातली गर्दी सोडून आमच्याकडे पाहू लागला.

"ऐकलंस?"

"नाही."

"आता? हा बघ, घुर्र... आणि आता... टक्!"

"तुम्हीच काढलात तो, बाबा."

"मी नंतर काढला. आधी तिने काढला."

सात फेऱ्या झाल्या. सातही वेळा मी नाही म्हणाले. "गाडी कंपनीत द्या आणि मोकळे व्हा," असंही म्हणाले. "आणि एकदा कान तपासून घ्या."

बाबा हसले. "कान माझे तपासायचे होय? बरं. उद्या मिस्त्रींकडे येतेस? दोन तास बसू."

"उद्या मीटिंग आहे."

(आवाज मला दुसऱ्याच फेरीत ऐकू आला होता. पण हो म्हटलं असतं, तर बुधवारी गॅरेजात टायरवर दोन तास बसावं लागलं असतं. मीटिंग पुढे ढकलली गेली. ही नोंद केवळ माहिती पूर्ण असावी म्हणून.)

बुधवारी पहाटे बाबा गेले. हॉस्पिटलच्या कागदावर कारण एका ओळीत लिहिलं होतं. आधी कसला आवाज आला होता का, याचा रकाना नव्हता.

तीन आठवडे गाडी दारात उभी होती. मग आई एवढंच म्हणाली, "चालत असेल तर चालव. नसेल तर देऊन टाक. पण उभी ठेवू नकोस. उभी दिसली की वाटतं, आता आतून हाक मारतील, 'अगं, माझा चष्मा.'"

म्हणून मी गाडी योग्य ठिकाणी, म्हणजे सेवा केंद्रात नेली.

सेवा केंद्राचं कौतुक करावं तेवढं थोडं. प्रतीक्षाकक्षात सोफा, कॉफीचं यंत्र आणि माशांची टाकी आहे (मासे पाच, त्यांतला एक कायम उलटा पोहतो, पण वायर न लावल्यामुळे निदान झालेलं नाही). समोर भिंतभर काच आहे. काचेतून तुम्हाला तुमची गाडी दिसते, मात्र ऐकू येत नाही. ही काच कोणी सुचवली असेल, त्याला मी मनोमन वंदन केलं.

ग्राहक-संबंध अधिकाऱ्याने टॅबलेट पुढे केला. "तक्रारीचं स्वरूप" या प्रश्नाखाली चौदा पर्याय होते. त्यांत "कर्कश", "मधूनमधून" आणि "समाधानकारक" हेही होते. मी "इतर" निवडलं. "इतर" निवडल्यावर फॉर्म पुढे जात नाही.

"मॅडम, आपण स्वतः आवाज ऐकलाय का?" त्याने विचारलं. "हो किंवा नाही. हो असेल तर पन्नास अक्षरांत वर्णन करावं लागेल."

मी सवयीने "नाही"वर बोट ठेवलं.

मग गाडीला वायर जोडली. तंत्रज्ञाने तिला सरळ रस्त्यावर सरळ नेऊन सरळ परत आणलं. अहवाल आला: आवाज आढळला नाही. त्याखाली अंदाजपत्रक आलं, तीन पानी.

"पण आवाज तर आढळला नाही ना?"

"म्हणूनच मॅडम. आढळला असता तर एकच भाग बदलला असता. आढळला नाही, म्हणजे तो कुठेही असू शकतो."

या युक्तिवादात मला आजतागायत एकही फट सापडलेली नाही. शिवाय केंद्रात नुसता वायसर मिळत नाही. वायसर ज्यात बसतो तो भाग मिळतो, किंवा खरं तर तो भाग ज्या भागात बसतो, तो. असं करत करत अर्धी गाडी जमते. (दाढ दुखणाऱ्याला डोकं बदलून देण्याइतकं वैद्यकशास्त्र अजून पुढे गेलेलं नाही, हे आपलं दुर्दैव.) यादीत गिअरबॉक्स होता, स्टिअरिंग होतं, पुढची दोन्ही चाकं जिथे लटकतात ते सगळं होतं. "गाडी उघडणे" आणि "उघडलेली गाडी बंद करणे" यांचे दर निरनिराळे होते. बंद करणं महाग होतं. निदान न झाल्याबद्दल निदान शुल्क होतं. सत्ताविसाव्या ओळीवर "चिंध्या" होत्या. त्या भावात मी साड्या घेते.

"किंवा," अधिकारी आवाज मऊ करून म्हणाला, "यात थोडी भर घातली की नवीन गाडी येते. त्यात थोडी भर घातली की मोठी नवीन गाडी येते. जुनी आम्ही घेऊन जाऊ."

"आणि तिचं काय करता?"

"तुम्हाला ती परत दिसणार नाही, याची आम्ही हमी देतो."

आईला नेमकी हीच हमी हवी होती. मी सही करायला बोट उचललं, तेवढ्यात पर्समध्ये बाबांचा फोन वाजला. तो आई रोज चार्ज करते आणि मी रोज बरोबर नेते. बंद का करत नाही, हे आम्ही एकमेकींना विचारलेलं नाही.

"साहेब, चार बुधवार झाले," पलीकडून आवाज आला. "घुर्र वाढला का?"

"मी मुलगी बोलतेय."

"ताई होय? साहेबांना द्या की जरा."

मी सांगितलं. पलीकडे पत्रा ठोकल्याचा आवाज चालू होता. तो थांबला. मिस्त्रींनी विचारलं, "गाडी कुठंय?"

"कंपनीत."

"शुद्धीवर आहे ना?"

"अजून आहे."

"सही करू नका. घेऊन या."

सेवा केंद्रातून गाडी न बदलता बाहेर काढणं सोपं नसतं. त्यासाठी आपण हे कृत्य पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या जबाबदारीवर करत असल्याचं लिहून द्यावं लागतं. अधिकाऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उलट्या पोहणाऱ्या माशाकडे पाहून घेतलं.

गॅरेजात प्रतीक्षाकक्ष म्हणजे दोन टायर. त्यांतल्या एकावर टॅक्सीवाले काका पेपर वाचत बसले होते. मिस्त्री हात पुसत बाहेर आले. बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगा, आवाज कसा येतो?"

"बाबा म्हणायचे की..."

"साहेब काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. तुम्हाला कसा येतो?"

मी वाचन असलेली, मोजकं बोलणारी बाई आहे. मी इकडेतिकडे पाहिलं. काकांनी पेपर खाली केला होता. मग मी खालचा ओठ पुढे काढला, डोळे अर्धे मिटले, मान किंचित डावीकडे केली.

"घुर्रर्र... घुर्रर्र... टक्."

"टक् बरोबर आहे," काका म्हणाले. "घुर्र पोटातून आला पाहिजे."

"घुर्रर्रर्र!"

"हां! आत्ता!"

"उजवं पुढचं चाक," मिस्त्री म्हणाले. "बेअरिंग गेलं. आणखी महिनाभर चालवली असती तर चाक जाम झालं असतं." तासाभरात त्यांनी ते बदललं. बिल बेअरिंगच्याच रिकाम्या खोक्यावर लिहून दिलं. त्याला एकच ओळ होती. चिंध्या त्यांनी स्वतःच्या वापरल्या. दोन रकमांची तुलना मी मुद्दाम केली नाही. केली असती तर माझ्या स्वतःच्या गाडीची सहा वर्षांची बिलं आठवली असती, आणि त्या दिवशी मला एकाच गोष्टीचं दुःख करायचं होतं.

"आणि टक्?"

"तो काही बिघाड नाही, ताई. डिकीतल्या जॅकची पट्टी तुटलीय. डावीकडे वळलं की जॅक सरकतो, पत्र्यावर आपटतो. साहेबांना चार महिन्यांपूर्वीच दाखवलं होतं. म्हणाले, राहू दे."

"त्यांना माहीत होतं? मग मला सात फेऱ्या कशाला मारायला लावल्या?"

मिस्त्री पाना पुसू लागले. "ते मी कसं सांगू, ताई? मी फक्त गाड्या बघतो." मग म्हणाले, "पट्टी लावू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," मी म्हणाले. "टक् राहू द्या."

वाहनदुरुस्तीच्या इतिहासात बिघाड जपून ठेवण्याची विनंती करणारी मी दुसरीच ग्राहक असावी. पहिले माझे वडील.

आता ग्राहकहिताची एकच सूचना. आपल्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला कुठून तरी आवाज येतो: गाडीतून, फ्रिजमधून, माळ्यावरून. तो दाखवायला ते आपल्याला या क्षणी बोलावतही असतील, आणि आपण "एवढं वाचून होऊ दे" म्हणाला असाल. घाई नाही. फॉर्ममध्ये "नाही" हा पर्याय कायम उपलब्ध असतो, आणि त्याला वर्णन लागत नाही.

मी परतताना गाडी त्या पटांगणात वळवली. दुसरा गिअर, बेताचा वेग, डावीकडे. घुर्र गेला होता. एक फेरी, दोन, तीन. हवालदार चौक सोडून आला आणि खिडकीशी वाकला.

"काय बाई, काही हरवलंय का?"

"नाही. आवाज ऐकतेय."

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे. "मागे ते एक काका फिरायचे इथे," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

चौथ्या फेरीला मागून आला. टक्.

"हो बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "येतोय आवाज. मला तेव्हाही आला होता."