लिओनिडासच्या पायाशी ठेवलेलं ताट

“पाच मिनिटं फक्त,” म्हणत अरिस्टीडिसने गाडी थर्मोपिलीच्या खिंडीतल्या लिओनिडास राजाच्या स्मारकाकडे वळवलीसुद्धा.

“अकराला गावच्या देवळात बाबांचं वर्षश्राद्ध आहे,” शेजारून बायको फोटिनी म्हणाली. “लिओनिडास अडीच हजार वर्षं कुठे गेला नाही. परत येताना भेटेल.”

पण मागे बसलेल्या सासूबाईंचे, स्तामातुलाबाईंचे गुडघे आखडले होते आणि त्यांना मोरीचीही घाई होती. त्यांच्या मांडीवर कोलिव्ह्याचं ताट होतं. उकडलेले गहू, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, वर पिठीसाखरेचा थर आणि त्यावर चंदेरी गोळ्यांचा क्रूस. दोन दिवस खपून केलेलं. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणायची, मग गावाने मूठमूठ खाऊन म्हणायचं, ‘देव झिसिसला क्षमा करो.’ झिसिस म्हणजे सासरेबुवा. ताटच पोचलं नाही तर त्या बिचाऱ्यांचं वर कोण ऐकणार?

“गाडीत साखर विरघळेल,” सासूबाई उतरताना म्हणाल्या. “तू हातात धर. आणि खाली ठेवू नकोस बाबा.”

मायलेकी तिकडे गेल्या आणि इकडे परदेशी प्रवाशांची बस आली. अरिस्टीडिस शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला. सहा वर्षांत त्याचं कोणी सलग ऐकून घेतलं नव्हतं. तो इंग्रजीत सुरू झाला. पण आमच्या ग्रीसमध्ये दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय कोणाला लढाई सांगता येत नाही. लिओनिडासचे तीनशे वीर खिंडीत उभे राहिले, समोरून इराणी सैन्य आलं आणि ताट पुतळ्याच्या पायाशी गेलं.

मग काय रंग चढला म्हणता! समोर माणसं वाढत होती, ओळीने पुढे सरकत होती, मान लववत होती. फितुराने डोंगरातली वाट दाखवली तेव्हा तर एका आजीबाईंनी डोळे पुसले. अरिस्टीडिसचा आवाज आणखी चढला. त्याने शेवटच्या वीराला धारातीर्थी पाडलं, मागे वळला आणि पाहतो तो, ओळ ताटापाशी संपत होती. आजीबाईंच्या हनुवटीला पिठीसाखर होती. क्रूसाचा एकच हात उरला होता.

“हे काय?” मागून सासूबाईंचा आवाज आला.

“आई, त्यांना वाटलं, तीनशे वीरांचा प्रसाद आहे.”

“किती जणांनी खाल्लं?”

“चाळीस असतील.”

“खाऊन काय म्हणाले?”

“थँक्यू.”

“थँक्यूने माणूस स्वर्गात जातो?” त्या पायरीवर चढल्या. “उभं कर सगळ्यांना. ज्याने खाल्लं, त्याने म्हटल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही. सांग त्यांना.”

अरिस्टीडिसने सांगितलं. लिओनिडासच्या भाल्याखाली चाळीस परदेशी गळे वेड्यावाकड्या ग्रीकमध्ये म्हणाले, “देव झिसिसला क्षमा करो.” सासूबाईंनी ते तीनदा म्हणवून घेतलं.

एका गृहस्थाने अदबीने विचारलं, “झिसिस म्हणजे तीनशेपैकी कितवे?”

“सांग, एकावन्न वर्षं माझ्याशी लढला,” सासूबाई म्हणाल्या. “आणि मागे एकदाही हटला नाही, मेला.”

बस गेली. ताटात जेमतेम चार मुठी गहू होते.

“आई, माझं चुकलं,” अरिस्टीडिस पुटपुटला. “आता गावाला काय वाटायचं?”

फोटिनी तर रडायच्या बेतात. “सगळं गाव जमलं असेल गं.”

सासूबाईंनी उरलेली साखर बोटाने सारखी केली, ताटावर रुमाल टाकला आणि गाडीत जाऊन बसल्या.

“पुरेल,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबांना मनापासून माफ करणारी माणसं गावात तेवढीच आहेत.”