बस्त्याव अंकल घर बघतात

बस्त्याव अंकल दर शुक्रवारी घर विकत घ्यायला निघायचे. अंगात कोट, गळ्यात टाय, काखेत छत्री. बहारीनमध्ये पाऊस असा पडतोच किती? छत्री होती ती खोल्या मोजायला. भिंतीला छत्री आडवी लावत जायचे आणि शेवटी मला सांगायचे, "पावणेचार छत्र्या. लक्षात ठेव."

घर घेणं त्यांना शक्यच नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. परदेशी माणसाला तिथं जागा घेता येत नव्हती. येत असती, तरी हॉस्पिटलच्या स्टोअरमधल्या क्लार्कच्या पगारात घराचं दारसुद्धा आलं नसतं. शहराजवळच्या झिंज वस्तीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. त्यांची खाट खिडकीपाशी, माझी दारापाशी.

मी सिन्नरकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. एजंटने सांगितलेली नोकरी बहारीनला उतरल्यावर नाहीशी झाली, तेव्हा वसईच्या या अनोळखी माणसाने हॉस्पिटलच्या लाँड्रीत नेऊन उभं केलं आणि सुपरवायझरला सांगितलं, "हा माझा माणूस आहे." तेवढ्या शब्दावर मी तिथं अकरा वर्षं कपडे धुतले. त्यामुळे त्यांचा कोट इस्त्री करणं आणि शुक्रवारी त्यांच्याबरोबर जाणं, दोन्हींना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. पण जीव टांगणीला असायचा. कुणी विचारलं, पैसे दाखवा, तर? कुणी पोलिसाला बोलावलं तर? परत विमानात बसवायला इथं किती वेळ लागतो?

"तू घाबरतोस फार," अंकल म्हणायचे. "बघायला व्हिसा लागत नाही."

अरबी त्यांना वाचता यायची ती फक्त एक पाटी, घर विकणे आहे अशी. ती मात्र ते बसमधूनही ओळखायचे. आत गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला : "हवा किधर से आती है?" जिदहफ्सला एका दलालाने त्यावर रुबाबात एसीचं बटण दाबलं. अंकलनी छत्री काखेत मारली, "खलास" म्हणाले आणि निघाले. रस्त्यात माझ्यावरच चिडले. "डब्यात राहायचं का माणसाने?"

दुसरा प्रश्न, मशीन कुठं बसेल? मशीन म्हणजे त्यांच्या मिसेसचं, तेरेजाबाईंचं, शिवणाचं मशीन. "आमच्या मिसेसना उजेड डाव्या हाताने लागतो." खिडकीपाशी जाऊन ते हवेत पाय हलवून बघायचे. दलाल माझ्याकडे बघायचे. मी जमिनीकडे.

आणि घर पाहिजे ते कोपऱ्यावरचं. "मधल्या घराला दोन भिंती दुसऱ्यांच्या," हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की अजून कोपऱ्यावरचं घर दिसलं की मी उगाच थांबतो.

तसं घर त्यांना एकदाच मिळालं. मनामाच्या ऐन मध्यात, जुन्या बाजाराच्या मागे. बागांकडून येणारा पाण्याचा पाट तिथं वळायचा आणि वळणावरच ते घर. समुद्रातल्या दगडाच्या जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा, कोरीव दरवाजा. छपरावर चौकोनी बुरुज, चारी बाजूंनी उघडा. घर शंभर वर्षांचं तरी असावं. पाटात पाणी थोडंच उरलं होतं, पण वाहत होतं. अंकल बाहेरच उभे राहिले. "आमच्या वाडीत असाच पाट आहे रे. केळींना जातो," म्हणाले आणि छत्री काढायला विसरले.

घर हाजीसाहेबांचं. त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा व्यापार होता, त्यामुळे हाजींचं लहानपण मुंबईत गेलेलं आणि हिंदी अस्सल मुंबईची. अंकलनी विचारलं, "हवा किधर से आती है?" हाजींनी अंकलचा हात धरला, एका खोलीत नेलं आणि मधोमध उभं केलं. वरच्या बुरुजातून वारा सरळ खाली येत होता. अंकलची टाय हलायला लागली. त्यांनी डोळे मिटले. इतक्या घरांत हे उत्तर देणारं ते पहिलं घर.

मग कॉफी आली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जिन्याच्या वळणापर्यंत आणून द्यायचं, तिथून हाजी घ्यायचे. कॉफीच्या त्या बिनकानाच्या चिमुकल्या कपाला तिथं फिंजान म्हणतात. अंकलना पित्ताचा त्रास. कॉफीचा घोट गेला तर रात्रभर सोडा. पण नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी कप घेतला आणि अदबीने समोर ठेवून दिला. हाजींनी कपाकडे पाहिलं, अंकलकडे पाहिलं. "कुछ कहना है?"

"नहीं नहीं. अगले जुम्मे आता हूँ, इंशाल्ला."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा कॉफी आली, पुन्हा तशीच राहिली. हाजींनी आपणहून घराची किंमत कमी केली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी कमी. अंकल बेचैन झाले. "हाजीसाहब, इतना सस्ता मत करो. ऐसा दरवाजा आज कौन बनाएगा?" हाजी म्हणाले, "तुम्हारे लिए." अंकल म्हणाले, "मेरे लिए तो बढ़ाओ." विकणारा भाव उतरवतोय आणि घेणारा चढवतोय, असा सौदा मी जन्मात पाहिला नाही. मी घाम पुसत बसलो होतो. मधे कॉफी निवत होती.

असे बरेच शुक्रवार गेले. एक दिवस हाजींचा मुलगा खलील लाँड्रीत आला. आईला गुडघ्यांसाठी हॉस्पिटलला आणलं होतं आणि त्याने मला ओळखलं. मला वाटलं, आला प्रसंग.

"तुम्हारा अंकल क्या चाहता है?" त्याने विचारलं. मग त्यानेच समजावलं. त्यांच्यात पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो कॉफी पीत नाही, समोर ठेवतो. घरधनी म्हणतो, पी, तुझं काम झालं. मगच तो पितो. पाहुणा असा ताटकळत असताना घर दुसऱ्याला विकणं म्हणजे अब्रू गेली. "कॉन्ट्रॅक्टर पैसा लेके खड़ा है. अब्बा बोलते हैं, पहले वो हिंदुस्तानी मेहमान बोलेगा, फिर बेचूँगा." घर विकून त्यांना ईसा टाऊनला तळमजल्याचं घर घ्यायचं होतं. आईला जिना झेपत नव्हता. तरी पाहुणा आला की कॉफी ती स्वतः करायची आणि भिंत धरत वळणापर्यंत उतरायची.

मी म्हटलं, "उनको पित्त है. एसिडिटी."

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "मैं बोलूँगा तो अब्बा समझेंगे मेरा बहाना है. तुम बोलो उसको. माँगे, या पिए."

संध्याकाळी मी अंकलना सगळं सांगितलं. रीत ऐकून ते थक्क झाले, पण अडकले वेगळ्याच ठिकाणी. "ती बाई स्वतः उतरायची? मला वाटलं नोकर आहे." बराच वेळ कोटाचं बटण फिरवत राहिले. "माझ्यासाठी उतरायची आणि मी घोट घेतला नाही."

"पण अंकल, मागितलं तर ते देतील. काय मागाल?"

"मिसेसला एक शुक्रवार त्या वाऱ्याखाली बसवायचं होतं," ते म्हणाले. "मशीन घेऊन." मग भिंतीकडे वळून झोपले. तेरेजाबाई वसईला थोरल्या दिरांच्या घरात राहायच्या. ते घर अंकलच्या पैशांनी उभं राहिलेलं, पण यांच्या वाट्याला पडद्यामागची एक खाट आणि माळ्याखालचं मशीन. तिथं भर दुपारी दिवा लावून शिवावं लागायचं. हे त्यांनी मला फार पूर्वी एकदाच सांगितलं होतं.

त्या शुक्रवारी अंकलनी छत्री घेतली नाही. कॉफी आली. त्यांनी फिंजान उचललं.

"पहले बोलो, फिर पियो," हाजी म्हणाले. आवाज जरा कापरा वाटला.

"कुछ नहीं माँगना, हाजीसाहब." आणि प्याले.

हाजींनी कप भरला. अंकल पुन्हा प्याले. पुन्हा भरला. पुरे झालं म्हणजे कप नुसता हलवून दाखवायचा, हे ना त्यांना माहीत ना मला. ते घाम गाळत पीत राहिले, हाजी भरत राहिले. शेवटी हाजींनीच त्यांचं मनगट धरलं आणि कपासकट हलवलं. "ऐसे. बस." मनगट मात्र लगेच सोडलं नाही.

निघताना अंकल जिन्याकडे तोंड करून वाकले आणि अरबीत आभार मानले, "शुकरान." बाहेर पाटाच्या कडेला ते पोट धरून बसले. मी सोडा आणायला धावलो.

घर विकलं गेलं. काही महिन्यांनी खलील पुन्हा लाँड्रीत दिसला. आई बरी होती. बोलता बोलता म्हणाला, अब्बांना घर विकायचंच नव्हतं. आईला आणि मला ते नाही कसं म्हणणार? पण पाहुण्याने मागितलं असतं, की विकू नका, तर आम्हाला दोघांनाही गप्प बसावं लागलं असतं. अब्बा त्याचीच वाट बघत होते. भाव उतरवून उतरवून त्याला बोलतं करत होते.

हे मी जेवताना अंकलना सांगितलं. ते भात कालवत होते. हात थांबला.

"गुडघ्यांचं काय म्हणाला?"

"बरे आहेत. आता जिना नाही."

"मग झालं," ते म्हणाले. भात तसाच राहिला.

घर बघणं त्यांनी सोडलं. कोट माझ्याकडे इस्त्रीला येईना. फक्त एका शुक्रवारी म्हणाले, चल. गेलो तर पाट बुजवलेला आणि कोपऱ्यावर नुसती मोकळी जागा, कॉन्ट्रॅक्टरच्या लोखंडी सळ्या पडलेल्या. अंकल त्यातून वाट काढत अंदाजाने त्या खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. राखणदाराने हटकलं, "क्या चाहिए?"

"कुछ नहीं," अंकल म्हणाले. टाय नव्हती, म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढून वर धरला. तो हलायला लागला.

"बघ," ते मला म्हणाले, "वारा अजून तिकडूनच येतो."