ट्रकचा ॲक्सल

चष्मेवाल्यांच्या जीपचा पुढचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, वाकला तो कुठल्या डोंगरात नाही, त्यांच्याच दुकानासमोरच्या गतिरोधकावर. ही गोष्ट त्यांनी बायकोशिवाय कुणालाही सांगितली नव्हती. घराला लागूनच्या गॅरेजात चौघांनी जीप ढकलत, पुढच्या तोंडाने आत सरकवली.

मेकॅनिक खाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलला, "तीन मार्ग आहेत साहेब. हाच सरळ करून वरून पट्ट्या मारू. नाहीतर याच मापाचा, पण जाड नळीचा घालू. नाहीतर..." इथे त्याने डोकं बाहेर काढलं. "माझ्याकडे एका ट्रकचा पडलाय. तो काही तुमच्या हयातीत वाकत नाही."

"याच मापाचा म्हणतायत तो घ्या," बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची. गळ्यात टेप होतीच.

"अगं, हा काय सदरा आहे? इथे ताकद बघतात!"

पुढचे चार दिवस चष्मेवाल्यांना दुसरं काही सुचेना. भिंतीवरची तिसरी ओळ वाचणाऱ्या एका आजोबांनाही त्यांनी ॲक्सलच्या नळीची जाडी ऐकवली. आजोबा घाबरून म्हणाले, "मला पातळच घाला बाबा."

शेवटी ट्रकचाच ठरला. मेकॅनिकने तो गॅरेजातच दोन दिवस खपून बसवला आणि जुना भंगारात देऊन टाकला.

रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर डोंगरात जीप चढवायला जाणारी मंडळी दोन जीप घेऊन गल्लीत हजर झाली. त्यांचे पुढारी बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर होते. स्वतःची शिट्टी असल्यामुळे सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. चष्मेवाल्यांनी ऐटीत रिव्हर्स टाकला. मागची चाकं अलगद बाहेर आली. मग धाडकन आवाज झाला आणि जीप दारात घट्ट बसली. ना मागे, ना पुढे.

आपलं काम बघायला आलेल्या मेकॅनिकने वाकून पाहिलं. "हा जुन्यापेक्षा वीतभर जास्त रुंद असतो साहेब. बोललो नव्हतो का?"

"नाही!"

"मग राहिलं असेल."

बायकोने टेप लावली. "दारापेक्षा चार बोटं जास्त भरतोय."

लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर वीस वर्षं केसाइतकंही न चुकता मोजणारा माणूस मटकन पायरीवर बसला.

"अहो, चाकं काढून बघा ना," बायको म्हणाली.

पण तेवढ्यात कॅप्टनची शिट्टी वाजली. ही मंडळी दोन वर्षं दोर, हुक आणि साखळ्या घेऊन हिंडत होती आणि अजून एकदाही कुणी धड रुतलं नव्हतं. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. दोघांनी दोर बांधला, एकाने उगाचच हेल्मेट घातलं.

"चाकं काढली तर..."

"वहिनी, मागे व्हा! दोर तुटला तर लागेल!"

दोन्ही जीप गुरगुरल्या. चष्मेवाल्यांची जीप कण्हली, थरथरली आणि दाराचा डावा खांब चौकटीसकट बगलेत मारून बाहेर आली. गल्ली पांढरी झाली. धूळ बसल्यावर मेकॅनिक खाली घुसला आणि ओरडला, "ओरखडासुद्धा नाही साहेब!"

टाळ्या पडल्या. कॅप्टननी चष्मेवाल्यांना मिठी मारली. खांबाबद्दल कुणी बोलायच्या आत सगळे डोंगराकडे निघालेसुद्धा.

चष्मेवाले संध्याकाळी परतले ते चिखलाने माखून आणि खुशीत शीळ घालत. गॅरेजसमोर येताच शीळ थांबली. विटा एका बाजूला रचलेल्या होत्या. फरशी धुतलेली होती. रुंद झालेल्या दारातून ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचलं होतं आणि त्या उन्हात शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि माप द्यायला हात पसरून उभी असलेली एक बाई होती. आणखी दोघी स्टुलावर थांबल्या होत्या.

"हे काय?"

"उजेड बघा किती छान येतो. आणि रस्त्यावरून दिसतंही. सकाळपासून सातजणी येऊन गेल्या."

"अगं, पण मी जीप कुठे ठेवू?"

बायकोने दातांत धरलेल्या टाचण्या काढल्या.

"डोंगरावर ठेवा. चढते ना आता?"