सासूबाईंकडे गेलेला नमुना

शुक्रवारी प्रयोगशाळा बंद झालेली, म्हणून लिंबिकानीने खताचा सीलबंद नमुना घरी आणून व्हरांड्यात ठेवला. रविवारी पाहतो तर पिशवी रिकामी. तो मलावीतल्या झोम्बा शहराचा खत निरीक्षक. सील तुटलेला नमुना म्हणजे नोकरीवर गदा.

"आईनं घेतलं ते," त्याची बायको थांडी म्हणाली. "कुंड्यांत मोहरीची रोपं लावलीत."

सासूबाई समोरच चटईवर बसल्या होत्या. पण तिथल्या रिवाजाप्रमाणे जावयाने सासूशी थेट बोलायचं नसतं.

"थोडं उरलंय का विचार ना," तो बायकोच्या कानात कुजबुजला.

सासूबाईंनी लेकीकडे बघतच उत्तर दिलं, "सांग त्याला, लग्नापासून पहिल्यांदाच जावयानं काहीतरी आणलं. तेही लाल फीत बांधून. राहिलेलं मी चर्चमधल्या बायकांना वाटलं. त्यांनाही कळू दे."

आता कुंड्या उकरल्या असत्या तर संसारच उकरला गेला असता. सोमवारी सकाळी लिंबिकानीने सायकल काढली आणि जिच्याकडून नमुना घेतला होता त्या एस्नातकडे पुन्हा निघाला.

एस्नात बाजारातला भाजीपाल्याचा कचरा कुजवून खत करायची. परवाना मिळाला तर चहामळ्याची रोपवाटिका तिचं सगळं खत घेणार होती. पण शुक्रवारपासून तिचीही झोप उडाली होती. साहेबांनी नमुन्यासाठी सळई खुपसली ती नेमकी कच्च्या ढिगात. त्यात घातलेली कोंबड्यांची विष्ठा ताजी होती, पण साहेबांना सर्दी, वास कुठला येणार. विकायचा, मुरलेला ढीग मागे होता. "साहेब, तो नाही," असं ती म्हणालीही. पण "नमुना कुठून घ्यायचा ते निरीक्षक ठरवतो, मावशी," म्हणून त्यांनी तिचं तोंड बंद केलं होतं.

सायकल दिसताच ती हातातलं फावडं टाकून पुढे आली.

"मावशी," लिंबिकानी नजर चुकवत म्हणाला, "नमुना पुन्हा घ्यावा लागेल. आता दोनदा घ्यायची पद्धत आहे."

"चांगली पद्धत आहे," एस्नात म्हणाली आणि तो काही बोलायच्या आत मागच्या ढिगाकडे चालूही लागली. "इथून घ्या. हे विकायचं खत."

खत काळंभोर, भुसभुशीत होतं. तिने कारण विचारलं नाही, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने ढीग का बदलला ते विचारलं नाही, म्हणून तिचा पडला. तरी पिशवी बांधताना तिला राहवलं नाही.

"पहिला नमुना कुठाय, साहेब?"

"वरिष्ठांकडे गेला."

"काय म्हणाले?"

लिंबिकानीला सकाळचा व्हरांडा आठवला. कुंड्यांतल्या रोपांनी माना टाकल्या होत्या आणि सासूबाई त्यांच्याकडे एकटक बघत बसल्या होत्या.

"नाराज आहेत."

एस्नातने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "त्यांना सांगा, अजून थोडं मुरू द्यायला हवं होतं."

"मी नाही बोलू शकत त्यांच्याशी," लिंबिकानी म्हणाला. "बायकोकडून निरोप देतो."