दुश्मन कुठून येईल

आमच्या रंगनाथदाजींना वास्तुशांतीला बोलवायचं म्हणजे जोखीम. माणूस येतो, हातपाय धुतो, पण शिऱ्याच्या ताटलीकडं ढुंकून बघत नाही. आधी सगळ्या घरातून एक चक्कर. खिडकीचे गज ओढून बघणार, मोरीच्या भिंतीवर बुक्की मारणार. मग पाहुणे जमले की घरमालकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगणार, "घर झकास बांधलं. पण दुश्मन इथून येईल."

इथून म्हणजे बहुतेक वेळा मागच्या दारातून.

मुकुंदवाडीचे एक मास्तर चिडले. म्हणाले, "अहो, मी पहिलीच्या पोरांना पाढे शिकवतो. मला कोण दुश्मन असणार?"

दाजी म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त वाट दाखवली."

एकदा पाकीट हरवलं म्हणून आम्ही चौकीत गेलो. दाजींनी साहेबाच्या पाठीमागची खिडकी बघितली आणि तेच वाक्य टाकलं. साहेब हसला. पण निघताना मी वळून बघितलं, तर त्यानं खुर्ची सरकवून घेतली होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. सारी उमर त्यांची दौलताबादच्या किल्ल्यावर वाटाड्या म्हणून गेली. किल्ल्यात डोंगर पोखरून केलेली एक अंधारी वाट आहे. मशाल धरून माणसांना त्या वाटेनं वर न्यायचं आणि शत्रू कुठं फसायचा, कुठं पडायचा, ते सांगायचं, हे त्यांचं काम. रोज तेच तेच सांगून ते डोक्यात बसलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी स्वतः सुतार. शाळा चौथीतच सोडली, पण माझ्या हातचं दार पावसाळ्यात फुगत नाही, हे मी कुणालाही लिहून देईन. फुलंब्रीपासून पाचोडपर्यंत जाऊन बघा. दाजी मला नावानं कधी हाक मारत नाहीत. मिस्त्री म्हणतात.

बहीण लवकर गेली. मागं एकच पोरगी, वैजयंता. दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीची वेणीसुद्धा स्वतः घालायचे, आणि इतकी घट्ट घालायचे की तिच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. शाळेतल्या बाईंना वाटायचं, पोरीला कशाचं तरी सारखं नवल वाटतंय.

पोरगी निघाली हुशार. वेरूळ-अजिंठ्याच्या भिंती बघत वाढली, जुन्या भिंतीवरचा रंग कसा जपायचा ते शिकली आणि शिकत शिकत थेट इटलीत गेली. तिथं डोंगराच्या माथ्यावर एक जुनं गाव आहे. नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्याला वरचं गाव म्हणतो. तिथल्या देवळांच्या भिंती सांभाळायचं कायमचं काम तिला मिळालं. तिनं फोन केला.

"आबा, तुम्ही हो म्हणाला तर राहते. नाही म्हणाला तर येते, तोंड वाकडं करणार नाही. पण आधी येऊन बघा. मामाला पण आणा."

फोन ठेवून दाजी म्हणाले, "बघायचं काय त्यात? घेऊनच येतो."

मला तेच पाहिजे होतं. पाचोडचं एक चांगलं स्थळ मी जमवत आणलं होतं आणि पाहुण्यांना शब्द दिला होता, की दिवाळीच्या आत पोरगी इथं असेल. माझा शब्द आजवर कधी खाली पडला नव्हता. ऐनवेळी दाजी विरघळले तर जवळ एक कडक माणूस पाहिजे, म्हणून मी गेलो.

विमानतळावर दाजींची पिशवी अडवली. आत चिवडा, दोन धोतरं आणि जुनी लोखंडी कडी. कोयंड्यासकट, चार चुकांसकट, म्हणजे खिळ्यांसकट. वीतभर लांब, गंजून काळी पडलेली. मी पण तेव्हाच बघितली.

"ये क्या है, चाचा?"

"दरवाजे की कडी है, साब."

"उधर दरवाजे नहीं हैं क्या?"

"हैं. भरोसा नहीं है."

साहेबानं कडी हातात घेऊन इकडून तिकडून बघितली आणि परत चिवड्यावर ठेवली. मी मान दुसरीकडं वळवली. ओळखच नाही असं दाखवलं.

वरचं गाव बघितलं आणि दाजींची चाल बदलली. गावाभोवती दगडी तट, तटाला तीन वेशी, मधोमध घंटेचा उंच बुरूज, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून जाडा माणूस आला तर एकानं मागं सरावं. दाजी पहिल्या वेशीत थांबले. भिंतीवर हात ठेवला, वर बघितलं, दाराची बिजागरी जिथं असायची ती भोकं बोटानं चाचपली.

"वळण घातलंय, मिस्त्री," ते म्हणाले. "सरळ हत्ती येऊ नये म्हणून."

"इथं हत्ती कुठला, दाजी?"

"नसंल. पण आला असता तर अडकला असता का नाही?"

दुसऱ्या दिवशी वैजूबरोबर बुरुजावर चढलो. आतला जिना अंधारा, दगड पावलांनी खोलगट झालेला. आमच्या पुढं त्याच देशातल्या दहा-बारा म्हाताऱ्या बाया होत्या, कुठून तरी सहलीला आलेल्या. अर्ध्यात आलो आणि दिवा गेला. बाया जागच्या जागी थबकल्या. एक रडवेली झाली. आणि अंधारातून आमच्या दाजींचा आवाज घुमला, दौलताबादला घुमायचा तसा.

"घबराना नै. सब लोग दीवार को हात लगाव. एक हात दीवार को, एक हात अगले के कांधे पे. धीरे चलो."

भाषा कुणाला कळणार? पण हात भिंतीला लागले, हात खांद्यावर गेले, आणि सगळी माळ वर चढायला लागली. वर उजेडात आल्यावर बायांनी दाजींना घेरलं. एकीनं त्यांचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. पुढं तासभर दाजींनी दुश्मनाचं नाव काढलं नाही.

"आबा, इथं एक नोकरी रिकामी आहे," वैजू म्हणाली.

"गप बस. तुला न्यायला आलोय मी."

ती हसता हसता थांबली.

तिचं घर तटाला लागून. रस्त्याच्या बाजूला दोन दारं. एक आपल्यासारखं, रुंद. त्याच्या शेजारी दुसरं, अगदी चिंचोळं, आणि उंबरा रस्त्यापासून छातीएवढा उंच. वैजू म्हणाली, "हे मेलेल्यांचं दार. गावात असं म्हणतात की माणूस गेला की त्याला फक्त ह्या दारातून काढायचे. एरवी बंदच."

मला ते पटलं. दाजींना नाही. ते आत गेले, दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत हात घातला आणि मला हाक मारली.

"मिस्त्री, ही भोकं कशाची?"

मी बघितलं. मला तर कळायलाच पाहिजे होतं. "अडसराची."

"किती?"

"एक, दोन... तीन अडसर."

"मढं बाहेर न्यायला तीन अडसर? ते काय परत आत येणार होतं?" दाजी उंबऱ्यावर बसले आणि पाय खाली सोडले. "बाहेरून शिडी लावायची, वर चढायचं, शिडी आत ओढून घ्यायची. हे जित्या माणसांचं दार आहे. जीव वाचवायचं."

"आबा, इथल्या जाणत्या लोकांतले काही जण असंच म्हणतात," वैजू म्हणाली. "तुम्हाला एका नजरेत कसं कळलं?"

दाजी माझ्याकडं वळून म्हणाले, "भित्र्या माणसांनी बांधलेलं गाव आहे, मिस्त्री. लई चांगलं गाव. भिणारा माणूस आधी पोराबाळांचा विचार करतो."

पाचोडचे पाहुणे माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

निघायला दोन दिवस उरले, तरी दाजी हो म्हणेनात की नाही म्हणेनात. वैजूनं बॅग काढून पलंगावर ठेवली होती, उघडी, रिकामी. येता जाता ती बॅगेकडं बघायची. मी एकदा म्हणालो, "दाजी, पोरीला काय ते सांगा. शब्द दिलाय मी."

"तुझा शब्द आहे, माझी पोरगी आहे," दाजी म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

स्वयंपाकघराला मागचं दार होतं. बाहेर चार पायऱ्या आणि खाली गल्ली. दाराला नुसता करंगळीएवढा हूक. दाजी त्या हुकाकडं बघत किती वेळ उभे राहिले. मग पिशवीतून कडी आणली.

"मिस्त्री, पटाशी बघ कुठं मिळते का."

कोपऱ्यावर तिथला एक सुतार होता. मी हातानं खुणा केल्या, त्यानं पटाशी आणि हातोडी दिली. त्याच्या पटाशीची धार माझ्यापेक्षा चांगली होती. तिथं मी तसं दाखवलं नाही, इथं लिहितो.

मी खाच करायला बसलो. दाजी चुका हातात धरून शेजारी. वैजू ओट्याशी पोळ्या लाटत होती.

"ही आमच्या गावच्या घराची," दाजी म्हणाले. "मागच्या दाराची."

मी ठोकत राहिलो.

"निजामावर पोलीस ॲक्शन होऊन चार दिवस झाले होते. लुटालूट चालली होती. कोण होते, कुठले होते, आजवर कळलं नाही. बाप पुढच्या दारात कुऱ्हाड घेऊन बसला होता. मला म्हणाला, मागची कडी काढू नको. मी सात वर्षांचा. आमची शेळी बाहेर राहिली होती, वरडत होती. मी कडी काढली, तिला आत घेतलं."

पोळपाटावरचा आवाज थांबला होता.

"कडी परत लावायची राहिली. ते मागून आले. बापाची नुसती पाठ दिसत होती मला. वाचला तो. पण उजवा हात कामातून गेला. पुढं वीस वर्षं जगला माझा बाप, मिस्त्री, आणि मला एकदा विचारलं नाही, की कडी कुणी काढली. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

मी चूक मागितली. त्यांनी दिली. चारही चुका बसल्या. त्या जुन्या लाकडात कडी अशी बसली, जशी काही त्याच दाराची होती.

"लावून बघ गं," दाजी म्हणाले.

वैजूनं पिठाच्या हातानं कडी लावली. दाजींनी दार दोनदा ओढून बघितलं. हललं नाही.

"राहा मग तू," ते म्हणाले.

ती तिथंच दाराला टेकून खाली बसली. मी पटाशी परत द्यायला गेलो, आणि लवकर आलो नाही.

पाचोडला मी स्वतः गेलो. शब्द माझा होता, माघारी घ्यायलाही मीच पाहिजे. पाहुण्यांनी चहासुद्धा विचारला नाही. बरोबरच आहे त्यांचं.

दाजी अजून वास्तुशांतीला जातात आणि अजून लोकांचा शिरा कडू करतात. त्यात काही फरक नाही. फक्त दुपारी बाराच्या सुमाराला कुठंही असले तरी घरी येतात. तेव्हा तिकडं सकाळ असते आणि वैजू कामाला निघताना फोन करते. मी समोरच असतो. दाजी तब्येत विचारत नाहीत, जेवण विचारत नाहीत. फोन कानाला लावून नुसते बसतात. ती काय म्हणते ते मला एवढ्या लांबून पण ऐकू येतं. रोज तेच.

"आबा, शेळी आत घेतली. कडी लावली."

"हां," दाजी म्हणतात, आणि फोन माझ्या हातात देतात.